आहार : निकृष्ट

आमच्या अहवालाच्या अकराव्या पानावर एक वाक्य आहे : ‘रातांधळेपणा आढळलेल्या श्वानांना मालकांकडून मिळणारा आहार निकृष्ट असून तेच अंधत्वाचे प्रमुख कारण होय.’ यातला ‘निकृष्ट’ हा शब्द माझ्या हातचा आहे. बाकीचं वाक्य डॉ. बोंडेंचं. त्यांच्या वाट्याचा राग मी खाली व्यवस्थित मांडणारच आहे, पण सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

१९८८च्या ऑगस्टात मी पशुवैद्यकीची पदवी घेऊन धुळ्याला आले आणि देवपुरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात चालणाऱ्या संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून लागले. नेमणूक तात्पुरती, मार्चपर्यंतची, आणि पुढे दर मार्चला वाढवायची. प्रकल्पाचा विषय होता धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कुत्र्यांचे डोळ्यांचे आजार. प्रमुख होते डॉ. शालिग्राम बोंडे. जनावरांच्या डोळ्यांत त्यांच्याइतका सफाईदार हात मी पुन्हा पाहिला नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बैलाच्या बुबुळात रुतलेलं ज्वारीचं कुसळ काढलं. दावं धरणाऱ्या माणसाची विडी संपायच्या आत बैल मोकळा होता. दृष्टिपटल कसं पाहायचं, निरोगी डोळ्यातला हिरवा-सोनेरी चमकणारा थर कसा असतो, रक्तवाहिन्या कशा मोजायच्या, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. त्यामुळे पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं मला म्हणता येत नाही.

आमच्याकडे छापील तक्ता होता. तीन प्रती, मध्ये कार्बन. मालकाचं नाव, आडनाव, गाव, तालुका. कुत्र्याचं वय, रंग, नर की मादी. लसीकरण. आणि आहार : उत्तम, मध्यम, निकृष्ट. यातल्या एकावर खूण करायची. सोबतच्या सूचनापत्रात लिहिलं होतं की मांस, अंडी किंवा रोज दूध मिळत असेल तर उत्तम, आठवड्यातून एकदा मिळत असेल तर मध्यम, आणि केवळ भाकरी-ताकावर असेल तर निकृष्ट. कुत्र्याच्या आईबापांसाठी रकाना नव्हता. मालकाच्या आजोबांपर्यंतचं नाव मात्र मावेल एवढी जागा होती.

पिंपळनेरजवळच्या एका गावी शाळेच्या ओट्यावर आम्ही तपासणी लावली होती. ओट्यावर आधी डोळ्यांत थेंब घालायचे, चाळीस मिनिटं बाहुली मोठी व्हायची वाट पाहायची, मग शाळेच्या सामानाच्या खोलीत न्यायचं. खोलीच्या खिडक्यांना आमच्या तोतारामनं गोणपाटं ठोकली होती. तोताराम म्हणजे प्रकल्पाचा कंपाउंडर, वय पन्नास, चावरं कुत्रंसुद्धा त्याच्या बगलेत गप्प बसायचं.

तिथं ताईबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, कासोटा घातलेल्या, दोन्ही हातांत दोन दोऱ्या. एका दोरीला हवालदार नावाचा तांबूस कुत्रा, शेपटीचं टोक पांढरं. दुसऱ्या दोरीला बाजाऱ्या. तो मुलानं साक्रीच्या बाजारातून उचलून आणला होता म्हणून हे नाव. त्यांनी मला सांगितलं की दोन वर्षांपासून हवालदार अंधार पडला की खळ्यातल्या खाटेवर आदळतो, आणि आता तर रानडुक्कर दहा हातांवर आलं तरी भुंकत नाही, वास आला तरच उठतो. मी आत नेऊन पाहिलं. चमकणारा थर नको इतका चमकत होता आणि त्यावरच्या रक्तवाहिन्या अगदी केसासारख्या बारीक झाल्या होत्या. डॉ. बोंडेंनीही पाहिलं आणि बाहेर येऊन ओट्यावरून मोठ्यानं विचारलं की याला खायला काय घालता.

“भाकर, ताक,” ताईबाई म्हणाल्या. “आम्हीन जे खातस, तेच त्याले.”

“मग आंधळा होईल नाही तर काय?” डॉ. बोंडे म्हणाले. “बाई, मुक्या जनावराला उपाशी ठेवलंत तुम्ही.”

ओट्याखाली तीस-चाळीस माणसं होती. ताईबाईंचे दीर जीवराम पुढेच उभे होते. ते मागं वळून म्हणाले, “वहिनीना घर आते पाहुणास्नी डबा लईसन येवानं.”

पाहुण्यांनी जेवण बरोबर घेऊन यायचं, यावर माणसं हसली. ताईबाईंनी दिराकडे पाहिलंही नाही. त्यांनी बाजाऱ्याची दोरी वर धरली आणि डॉक्टरांना विचारलं, “हाऊ बी त्याच थाळीमा खास. मंग याले कसं दिखस?”

हा प्रश्न एखाद्या परीक्षेत मला विचारला असता तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. एकच घर, एकच थाळी, एकच अन्न, आणि दोन कुत्र्यांपैकी एकच आंधळं. तुलना करायला दुसरा जीव लागतो हे आम्हाला महाविद्यालयात दोन वर्षं घोकून घ्यावं लागलं होतं. डॉ. बोंडेंनी पुढचा क्रमांक पुकारला. माझ्यासमोर तक्ता होता, त्यात ताईबाईंच्या प्रश्नाला जागा नव्हती आणि सूचनापत्र स्पष्ट होतं. मी श्वान क्रमांक ४३ समोर ‘निकृष्ट’वर खूण केली.

दोन महिन्यांनी आम्ही जामनेर तालुक्यात होतो. अंधारी खोली मिळेना, तेव्हा बन्सीलाल नावाच्या व्यापाऱ्यानं आपली केळी पिकवायची वखार उघडून दिली. आत गच्च काळोख आणि गोड, जड वास. तोताराम म्हणाला, “मॅडम, चार दिवस ठेवली तर कुत्रीही पिवळी होतील.” डॉ. बोंडे त्या दिवशी जळगावला बैठकीला गेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण ते असते तर केसरबाई बोलल्या नसत्या.

केसरबाईंच्या कुत्रीच्या शेपटीचं टोक पांढरं होतं. तिचा डोळा पाहून मी दिवा बंद केला, बाहेर आले आणि सवयीनं विचारलं, आहार काय. केसरबाईंनी कुत्रीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या की तुम्हीच का त्या, पिंपळनेरकडच्या? मनी मायले चारचौघांत उपाशी ठेवणारी म्हणाले ते तुमचेच डॉक्टर ना?

ताईबाई त्यांची आई. गोष्ट दोनशे किलोमीटर आमच्या जीपच्या आधी पोहोचली होती. कोणीतरी लग्नात भेटलं, कोणीतरी बाजारात. केसरबाईंची सासू आता रोज ताट वाढताना विचारायची की पोटभर जेव गं, तुझ्या माहेरी तर कुत्र्यालासुद्धा मिळत नाही. धाकट्या बहिणीचं लग्न चैत्रात ठरलं होतं, तिकडच्यांनीही हसत हसत चौकशी केली होती. केसरबाई हे सांगताना रडल्या नाहीत. कुत्रीच्या गळ्यातली दोरी तेवढी त्यांनी तीनदा सोडून तीनदा बांधली.

मग मी तक्त्यात नसलेला प्रश्न विचारला : ही कुत्री आणली कुठून?

“माहेरनी शे,” त्या म्हणाल्या, जणू हे सांगायची काय गरज.

त्यांच्या घरात रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून एक पिल्लू जायचं. ताईबाईंच्या आईपासून चालत आलेलं. मुली मळ्यात राहायला जायच्या, नवरा रात्री पाण्याला गेला की सोबतीला आपलं काहीतरी असावं. पिल्लू पांढऱ्या टोकाचंच हवं, ती राखणीला चांगली. आणि ती जात मोडू नये म्हणून पांढऱ्या टोकाची कुत्री पांढऱ्या टोकाच्या कुत्र्यालाच दाखवायची, म्हणजे जोडी त्यांचीच लावायची. त्यासाठी केसरबाईंनी बहिणीचा कुत्रा एकदा शिंदखेड्याहून एस.टी.नं आणला होता, कंडक्टरला गोणीत केळी आहेत असं सांगून. कोणती कुत्री कोणत्या बहिणीकडे गेली, तिची आई कोण, तिला कितव्या वेतात किती पिल्लं झाली, त्यातली कोणती संध्याकाळी धडपडायची, हे केसरबाईंनी मला वखारीच्या पायरीवर बसून एका दमात सांगितलं.

मी तक्त्याच्या पाठीवर काढत गेले. मादीला गोल, नराला चौकोन, आंधळ्याला आतून काळं. पुढच्या सुट्ट्यांमध्ये मी ताईबाईंच्या बहिणीकडे गेले, मग बाकीच्या मुलींकडे. सात बायकांना मी वेगवेगळं विचारलं. एकीनं सांगितलेलं दुसरीला दाखवलं नाही. सातही जणींचं जुळलं, फक्त एका पिल्लाच्या रंगावरून दोघींत मतभेद होता.

आमच्या तक्त्यांत ही कुत्री सात मालकांची होती. सात आडनावं, पाच तालुके. कागद पाहणारा कोणीही म्हणाला असता की यांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणजे दोष बाहेरून, अन्नातून आला असणार. आम्ही पुरुषांची आडनावं लिहीत गेलो आणि कुत्री मात्र बायकांच्या वाटेनं गेली होती. त्या वाटेनं पाहिलं तर एकच घराणं होतं, ताईबाईंच्या आईच्या कुत्रीपासून निघालेलं. आम्ही तपासलेल्या एकशे बारा कुत्र्यांत सतरा रातांधळी. त्या सतरांत तेरा या घराण्यातली. उरलेल्या चारांपैकी तीन म्हातारी, मोतीबिंदूची, आणि एकाचं कारण मला आजही माहीत नाही.

तरी मी अन्नाची शक्यता सोडली नाही. कोठारात जीवनसत्त्व ‘अ’च्या बाटल्या पडून होत्या. तेरापैकी आठ कुत्र्यांना बारा आठवडे रोज डोस दिला. तोताराम दर आठवड्याला गावोगाव जाऊन बाटल्या भरून यायचा. आधी आणि नंतर, बंद खोलीत बादल्या उलट्या मांडून त्यांतून चालवलं. कुत्री आधी जितक्या बादल्यांना धडकत होती तितक्यांनाच नंतरही धडकली. दोघांची तर वाढली.

हे सगळं मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉ. बोंडेंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि वंशावळ बराच वेळ पाहिली. बोटानं एक रेघ वरून खाली गेली, दुसरी आली.

“हे बरोबर आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं झालं. त्यांनी पुढे समजावलं की दृष्टिपटलाचा असा क्षय परदेशातल्या शिकारी कुत्र्यांमध्ये वर्णन केलेला आहे. दोन्ही बाजूंनी दोष आला तरच तो दिसतो, एका बाजूनं आला तर कुत्रं धडधाकट राहतं आणि पुढे पोहोचवतं. बाजाऱ्या दुसऱ्या रक्ताचा, म्हणून त्याला दिसतं. त्यांनी ते इतकं सुंदर समजावलं की मी वहीत टिपून घेऊ लागले.

“पण हे पाठवता येणार नाही,” ते म्हणाले. “तिकडे वंशावळ नोंदणीच्या कागदावर असते. तुझ्याकडे काय आहे? बायकांची आठवण.”

“सात बायकांची, सर. प्रत्येकीला वेगळं विचारलंय.”

“पुरुषांना विचारलंस?”

“विचारलं. सातपैकी सहा जणांनी बायकोला हाक मारली.”

ते हसले. मग त्यांनी खरं कारण सांगितलं. डिसेंबरातच प्राथमिक अहवाल वर गेला होता, त्यात अन्नाचं कारण होतं, आणि त्यावरून जीवनसत्त्वांचं वाटप मंजूर झालं होतं. आता आनुवंशिक म्हटलं तर वाटायचं काय? पांढरं टोक पांढऱ्या टोकाला दाखवू नका, एवढं सांगायला कोण प्रकल्प चालवतो? माझं काम वाया जाणार नाही, असंही ते म्हणाले. दोन-तीन वर्षांनी दोघांच्या नावे निबंध लिहू.

मी म्हटलं, वाटप चालू द्या. फक्त ते एक वाक्य काढा. मालकांकडून निकृष्ट आहार, हे. ते खोटं आहे हे आपण आत्ताच दोघांनी पाहिलं. मी ताईबाईंबद्दल सांगितलं, केसरबाईंच्या ताटाबद्दल, चैत्रातल्या लग्नाबद्दल.

“एका बाईच्या मनाला लागलं म्हणून अहवाल बदलत नसतात, सुरवाडे,” डॉ. बोंडे म्हणाले.

ते चिडून म्हणाले असते तर मला इतकं लागलं नसतं. ते प्रेमळपणे म्हणाले, नुकताच दृष्टिपटलाचा क्षय समजावला होता त्याच आवाजात. ज्या माणसाला केसाएवढी रक्तवाहिनी दिसते त्याला समोर दोन दोऱ्या धरून उभी असलेली बाई दिसली नव्हती, आणि मी दाखवल्यावरही त्यांना ती बघायची नव्हती. शास्त्र चुकलं तर दुरुस्त करतात असं मला वाटायचं. इथे चूक कळली होती, मान्य झाली होती, आणि ती तशीच ठेवायची होती, कारण बाटल्या मंजूर झाल्या होत्या.

वर्षअखेरीला सगळ्या तक्त्यांवर तपासणाऱ्याची सही लागते. तपासणारी मी. तोतारामनं एकशे बारा तक्ते माझ्यासमोर आणून ठेवले. नव्याण्णवांवर मी सही केली. त्या तेरांवर ‘निकृष्ट’ची खूण शाईनं खोडली, तिन्ही प्रतींवर, आणि शेजारी लिहिलं : ‘आहार घरातील माणसांप्रमाणे. उपासमार नाही. त्याच थाळीत खाणाऱ्या अन्य रक्ताच्या श्वानाची दृष्टी चांगली. बारा आठवडे जीवनसत्त्व देऊन फरक नाही. अंधत्व मातापित्यांकडून आलेले. या घराण्यातील नर-मादी एकमेकांस दाखवू नयेत.’ खाली कुत्र्याच्या आईचं आणि आजीचं नाव. सही, तारीख.

डॉ. बोंडेंना ते दुसऱ्या दिवशी कळलं. तक्ते कपाटात गेले आणि अहवाल त्या वाक्यासकट टंकलिखित झाला, कारण अहवालासाठी लागणारे आकडे डिसेंबरातच काढून झाले होते. एकतीस मार्चला मला दोन ओळींचं पत्र मिळालं की नेमणूक वाढवण्यात येत नाही.

चार्ज देताना मी एक तक्ता उलटा करून पाहिला. तळाला बारीक टाइपात छापलं होतं : तिसरी प्रत मालकास द्यावी. आठ महिन्यांत आम्ही एकालाही दिली नव्हती. मी तोतारामला ती ओळ वाचून दाखवली. त्यानं कपाट उघडलं, तेरा तिसऱ्या प्रती मोजून काढल्या, आवक-जावक वहीत ‘मालकांस रवाना’ असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “नियमानं आहे. न्या.”

पिंपळनेरच्या गाडीतून उतरून मी गावात पोहोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ताईबाई घराबाहेर शेंगा फोडत होत्या. मी जवळ बसून हळू आवाजात त्यांचा तक्ता वाचला, मग सोप्या बोलीत सांगितला. पहिल्या भागाला त्यांनी मान हलवली. ते त्यांना माहीतच होतं. दुसऱ्या भागाला हात थांबला.

“म्हंजे हाई मनी मायना घरनं शे,” त्या म्हणाल्या. “आन मीच पोरीसना घर धाडं.”

मी म्हटलं की कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं. कुत्रं स्वतः धडधाकट राहून पुढे पोहोचवतं. आता पांढऱ्या टोकाची जोडी लावली नाही, बाजाऱ्यासारखा बाहेरचा नर लावला, तर आंधळी पिल्लं होणार नाहीत. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, मी त्यांच्यावरचा एक आळ काढून दुसरा ठेवला. हे घेऊन यायला नको होतं, असंही क्षणभर वाटलं.

मग त्या उठल्या, आणि त्यांचा राग माझ्यावर आला.

“उपाशी ठेवं, हाई चारचौघासमोर सांगं. आन हाई मना कानमा सांगी ऱ्हायनी का?”

त्या मला शाळेच्या ओट्यावर घेऊन गेल्या. वाटेत ज्याला त्याला चाल म्हणाल्या. जीवरामना त्यांनी पारावरून उठवून आणलं. वीसेक माणसं जमली. मी विचारलं की फक्त आहाराचं वाचू का, घराण्याचं राहू देऊ.

“बठ्ठं वाच,” ताईबाई म्हणाल्या.

मी बठ्ठं वाचलं, हवालदारच्या आईच्या आणि आजीच्या नावासकट. ‘उपासमार नाही’ हे शब्द आले तेव्हा ताईबाई जीवरामांकडे पाहत होत्या. जीवरामांनी उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि डॉक्टरांनी तर तेव्हा वेगळं सांगितलं होतं असं काहीतरी पुटपुटले. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं की मग डॉक्टर आता का नाही आले सांगायला. याचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी ते दिलं. देवपुरातल्या त्या टेबलावर जे बोलणं झालं ते शब्दशः. ओट्यावरचं पुसायचं तर ओट्यावरच पुसलं पाहिजे, हे मी नुकतंच शिकले होते.

ताईबाईंनी माझ्या पिशवीतल्या बाकीच्या प्रती मोजायला लावल्या. केसरबाईंचा कागद कोणता ते बोट ठेवून विचारलं. मग घरात जाऊन भाकरी बांधली, बाजाऱ्याला शेजारणीकडे सोपवलं आणि मला म्हणाल्या की आता साक्रीची गाडी आहे, तिथून धुळं, धुळ्याहून जळगाव. मी विचारलं की तुम्ही कशाला एवढा त्रास घेता, मी देऊन येते. चप्पल घालून त्या माझ्यापुढे चालू लागल्या.

जामनेरजवळच्या त्या मळ्यात आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. केसरबाई आतून धावत आल्या. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. विहीणबाई आल्या म्हणून त्यांनी लगेच पाटावर बसवलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं, आणि कागदाचं निघताच म्हणाल्या की अहो राहू द्या, आमचा काही तसा समज नव्हता, कागद कशाला वाचायचा. केसरबाई तांब्या घेऊन आल्या. ताईबाईंनी तो हातात घेतला नाही.

“पह्यले वाच,” त्या मला म्हणाल्या. “मंग पानी.”

मी उभी राहिले आणि मालकाच्या नावापासून सुरुवात केली.